दोन पिंजऱ्यांतला कापूस

"पुन्हा मोज," हरकरे सर म्हणाले.

मी पुन्हा मोजलं. डाव्या हाताच्या चिमटीत उंदराची मान, करंगळीखाली शेपूट, उजव्या हातात कॅलिपर. कुशीवरचे केस भादरलेले, आणि तिथं गाठ अशी टरारून वर आलेली की मोजायची खरं तर गरजच नव्हती.

"आडवी बारा मिलिमीटर, उभी दहा."

"चौदा नंबरच आहे ना हा? कान बघ."

कान बघितला. आमच्याकडे उंदरांचे नंबर कानाला भोकं पाडून ठरतात. कुठल्या कानाला, कुठं आणि किती, त्यावरून. चौदाच होता.

"लशीच्या गटातला कसा असेल मग हा?"

"लशीच्याच गटातला आहे, सर."

सरांनी चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, परत घातला आणि उंदराकडं असं बघितलं की जणू तो मुद्दाम नापास झाला होता. मी त्याला पिंजऱ्यात सोडलं. उरलेल्या नऊ जणांच्या गाठी तशाच होत्या, कुणाची अकरा, कुणाची तेरा. आणि शेजारच्या दोन पिंजऱ्यांत, ज्यांना लस म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांच्याही तेवढ्याच. म्हणजे लस दिली काय आणि पाणी दिलं काय, सारखंच. तो ऑगस्टचा महिना होता, आणि माझ्या पीएचडीचं पाचवं वर्ष.

कुणाला वाटेल, त्यात काय एवढं, प्रयोग आहे, फसतो कधी. पण हाच प्रयोग मार्चमध्ये फसला नव्हता. लस म्हटलं की आपल्याला आजार होऊ नये म्हणून टोचतात ती आठवते. आमची तशी नव्हती. कॅन्सरची गाठ झाल्यावर द्यायची होती ती, शरीरातल्या शिपायांना शत्रू कोण ते दाखवून द्यायला. उंदराच्या कातडीखाली आधी गाठीच्या पेशी सोडायच्या, आठवडाभरात गाठ हाताला लागली की लस द्यायची, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. पहिल्या टोचणीपासून दर तीन दिवसांनी गाठ मोजायची, एकविसाव्या दिवशी शेवटचं माप. मार्चमध्ये लस दिलेल्या दहांपैकी आठांच्या गाठी मसुराएवढ्या राहिल्या होत्या. पाणीवाल्यांच्या चांगल्या बोराएवढ्या झाल्या. सरांनी त्या दिवशी अख्ख्या विभागाला तर्री पोहे खिलवले. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या सर्जननं पंधरा पेशंटची यादीसुद्धा करून ठेवली. माणसांवर पहिली चाचणी करायला परवानगी देणाऱ्या समितीची एकच अट होती: हाच निकाल दुसऱ्यांदा आणून दाखवा.

आणि दुसऱ्यांदा हे असं झालं.

"काहीतरी चुकलंय तुझं," सर म्हणाले.

"काय चुकलं असेल, सर?"

"ते तू शोधायचंस. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी फाईल गेली नाही, तर मार्चनंतर पैसे बंद. प्रकल्प बंद. मी जूनमध्ये रिटायर. तुझी पीएचडी कुठं चिकटवायची ते मग तूच बघ."

सर वाईट नव्हते. घाबरले की असं बोलायचे.

मी सांगलीकडची. नागपुरात पाच वर्षं काढली ती याच एका लशीच्या भरवशावर. त्यामुळं मी जे शोधत सुटले त्याला काही धरबंध राहिला नाही. पेशींची नवी कुपी काढली. फ्रिजची नोंदवही चाळली, मध्ये लाईट गेली होती का बघायला. उंदीर कुठल्या जोड्यांचे आले, सुया कुठल्या कंपनीच्या, पाणी कुठल्या बाटलीतलं, सगळं तपासलं. सकाळी हात थरथरतो का, म्हणून चहा सोडला. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, तेच चाललं होतं. बरं, सगळं ठीकच निघत होतं, आणि तेच जास्त छळत होतं. काहीतरी बिघडलेलं सापडलं असतं तर मी सुटले असते. दोन्ही वेळा सगळं सारखं होतं आणि निकाल उलटा होता, हे डोक्यात बसायलाच तयार नव्हतं.

सप्टेंबरच्या मध्यात पंचफुलाबाई परत आल्या.

पंचफुलाबाई नन्नावरे आमच्या उंदीरघराच्या सेविका. पिंजरे बदलणं, खाणंपाणी, भुसा टाकणं, सगळं त्यांच्याकडं. वय पन्नाशीचं, अंगानं बारीक, तोंड सतत चालू. लेकीच्या बाळंतपणाला ब्रह्मपुरीला गेल्या होत्या, जुलैच्या शेवटापासून. त्यांच्या जागी ठेकेदारानं शेंडे नावाचा एक मुका माणूस पाठवला होता. म्हणजे मुका नव्हता, पण दीड महिन्यात माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल.

"काऊन ताई, तोंड कायले उतरलं?" त्यांनी आल्या आल्या डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. "नातू झाला मले. खा आधी."

"प्रयोग फसला, बाई. लस चालली नाही."

"मार्चात तं चालली होती."

"तेच तर."

त्यांनी एक एक पिंजरा बघितला. ऑगस्टचे उंदीर तर कधीच संपले होते, हे नवे होते, पाच-पाचाचे चार पिंजरे. त्यांनी बोट जाळीला लावलं आणि म्हणाल्या, "आता मी आली ना. घाबरू नका."

मी हसले. मनात म्हटलं, बाईंना काय, लस म्हणजे आंब्याचं लोणचं वाटतंय, हाताला गुण असला की मुरलं.

ऑक्टोबरच्या शेवटी तिसऱ्यांदा पेशी सोडल्या. यावेळी मी प्रत्येक गोष्ट दोनदा केली. पहिला डोस, तिसऱ्या दिवशी माप, सहाव्या दिवशी माप. नवव्या दिवशी लशीच्या गटातल्या गाठी वाढायच्या थांबल्या. बाराव्या दिवशी त्यांतल्या तीन लहान झाल्या. मी कॅलिपर खाली ठेवला आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिले.

"अगं हस की," सर म्हणाले. पाच वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. "ऑगस्ट विसरून जा. ऑगस्टमध्ये तुझा हात बिघडला होता."

"पण सर, नेमकं काय बिघडलं होतं?"

"हेमांगी, देव देतोय तर पावती मागू नये."

"सर, मी काहीच वेगळं केलं नाही."

"म्हणजे आता बरोबर केलंस."

मला खरंच आनंद व्हायला हवा होता. नव्हता होत. परीक्षेत न लिहिलेल्या प्रश्नाला मार्क मिळाले की कसं वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं. घरी आईला फोन केला, म्हटलं, आई, बहुतेक झालं. आई म्हणाली, बहुतेक म्हणजे काय गं, झालं की नाही ते सांग. मला सांगता येईना.

सोळाव्या दिवशी, बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला मी उंदीरघरात गेले. जायचं काही कारण नव्हतं. मी मापं सकाळी नवाला घ्यायची, आणि त्या दिवशी ना माप होतं ना सुई. आदल्या दिवशी मापं लिहिताना वाचायचा चष्मा तिथं विसरले होते, तो आणायला गेले. पायांत कापडी मोजे चढवले, टोपी घातली, दार ढकललं.

बाहेर नोव्हेंबरचं ऊन होतं. आत बारा महिने बावीस डिग्री. तसा नियमच आहे, जगभर. सगळ्या उंदरांना सारखी हवा मिळावी म्हणून.

आमचे चार पिंजरे खिडकीशेजारच्या मांडणीवर असत. दोनच दिसले, पाणीवाल्यांचे. एसीच्या झोताखाली, नेहमीच्या जागी. लशीवाल्यांचे दोन गायब.

मी मांडणीच्या खालीवर शोधलं. मग ते दिसले. पार कोपऱ्यात, वरच्या फळीवर, जिथं एसीचा वारा पोचत नाही तिथं. तीन बाजूंनी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे खोचलेले. आत डोकावले तर भुशावर मूठभर पिंजलेला कापूस, आणि त्यात पाच उंदीर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपलेले. दुसऱ्या पिंजऱ्यातही तसंच.

पंचफुलाबाई मागं बाटल्या विसळत होत्या.

"बाई, हे काय आहे?"

"काय जी?" त्यांनी हात पुसत बघितलं आणि अजिबात न दचकता म्हणाल्या, "थे का? थंडी वाजते ना त्याइले."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले पायजे. दिसते ना. तुम्ही सुई टोचून गेल्या का संध्याकाळी केस फुलवून बसते, पाठीले कुबड काढून. खात नाई, हालत नाई. हीव भरते त्याइले." त्यांनी ओला हात माझ्या दंडावर ठेवला. "ताई, अकरा वर्सं अंगनवाडीत मदतनीस होती मी. नर्सबाई सुई टोचून गाडीत बसून जाये. रात्रभर लेकरं तापायची. मंग मीच घरोघरी सांगत फिरो, का बाई, आज लेकराले उघडं ठेवू नको, पोटाशी घे. सुई तं सुईचं काम करते, पन अंगाले ऊब पायजे."

"पण सुई तर त्यांनाही टोचली," मी खालच्या दोन पिंजऱ्यांकडं बोट दाखवलं.

"पान्याच्या सुईनं हीव नाई भरत. पाहा ना, कसे उड्या मारते मस्तीत."

खरंच मारत होते.

"मला कसं दिसलं नाही हे?"

"तुम्ही मापाच्या नाईतं सुईच्या दिवशी सकाळी येता. त्या दिवशी मी नवा भुसा टाकते अन पिंजरे जागेवर आनून ठेवते. तुमाले टेबलाजोळ पायजे ना." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "कापसाचा नियम नाई, मालूम हाय मले. पन दोन मूठ कापूस. माह्या घरचा हाय, बजारचा नाई."

"मार्चमध्येही केलं होतं असंच?"

"हाव. उन्हाळ्यात तं एसी अजून जोरानं सोडते."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टात मी कोठी होती, ताई? पोरीजोळ होती ना."

मी चष्मा न घेताच बाहेर आले.

बाहेर कडुनिंबाखाली बाक होतं तिथं बसले. इतके महिने फ्रिज, सुया आणि स्वतःचा हात तपासत होते, आणि हे रोज माझ्या वावभर अंतरावर चाललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण कारण सापडल्यानं डोकं शांत होईल म्हणावं, तर उलट गोंधळ वाढला. गाठी थांबल्या त्या लशीनं की कापसानं? दोन्हींनी मिळून? लस नसती आणि नुसता कापूस असता तर? आमच्याकडं ज्यांना लस होती त्यांना ऊब होती, आणि ज्यांना लस नव्हती त्यांना ऊबही नव्हती. ज्या निकालावर पंधरा माणसं यादीत बसली होती, त्या निकालाचा अर्थ काय ते मला, तो काढणारीला, सांगता येत नव्हतं.

आणि मला बाईंचा राग येत होता. मग वाटायचं, कसला राग? त्यांनी कुडकुडणाऱ्या जिवाला पांघरूण घातलं. मी पाच वर्षं त्याच उंदरांची मान चिमटीत धरली होती, ते कुडकुडतायत हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मग मला माझाच राग यायला लागला.

एकविसाव्या दिवसापर्यंत मी कुणाला काही बोलले नाही. शेवटचं माप झालं. दहांपैकी आठ, अगदी मार्चसारखं. त्यानंतर उंदरांना गॅस देऊन संपवायचं असतं, गाठी कापून आत काय झालंय ते बघायला. त्या दिवशी पंचफुलाबाई कधीच आत थांबत नसत. डबा घेऊन कडुनिंबाखाली बसायच्या आणि जेवायच्या नाहीत.

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. 

"कुणाला बोललीस का हे?"

"नाही."

"बस." मी बसलेलीच होते. "हे बघ, बावीस डिग्रीत उंदीर कुडकुडतो. माणूस कुडकुडत नाही, आणि कुडकुडला तर वॉर्डात त्याला पांघरूण मिळतं. म्हणजे तुझे कापसातले उंदीरच पेशंटच्या जास्त जवळचे झाले की नाही?"

मी मान डोलावली. कारण त्यात तथ्य होतं. हाच तर वैताग होता, सगळ्यांच्याच म्हणण्यात काही ना काही तथ्य होतं.

"पण सर, मग पाणीवाल्यांनाही ऊब हवी होती. त्यांना दिली असती आणि त्यांच्याही गाठी थांबल्या असत्या तर?"

"नसत्या थांबल्या."

"कशावरून?"

सरांनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला आणि माझ्याकडं सरकवला. समितीचा छापील नमुना होता. शेवटून दुसरी ओळ: प्रयोगातील दोन्ही गटांना सर्व बाबतींत सारख्याच स्थितीत ठेवण्यात आले होते. खाली सहीची जागा, प्रयोग करणाऱ्याची.

"माझी सही याच्यानंतर लागते," ते म्हणाले. "आधी तुझी. सोमवारी दहापर्यंत. मी तुला सही कर म्हणत नाही आणि करू नकोही म्हणत नाही. मी थकलोय, हेमांगी."

ते खरंच थकलेले दिसत होते. चोवीस वर्षं एका लशीमागं घालवलेला माणूस.

शनिवार-रविवार मी तो कागद पर्समध्ये घेऊन फिरले. कॅन्टीनला बसले, तर्री पोहे मागवले, टाकून दिले. सही केली तर पीएचडी पदरात, सरांची लस माणसांपर्यंत, बाईंची नोकरी शाबूत, कुणाचंच नुकसान नाही. नाही केली तर सगळ्यांचं. हिशेब इतका सरळ होता, तरी पेन उघडवेना. मी काही हरिश्चंद्राची नात नाही, लहानपणी आईच्या डब्यातले पैसे काढलेत मी. पण ती पंधरा माणसं डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती लस टोचून घेतील, दुसरं औषध पुढं ढकलून वाट बघत बसतील, आणि लस चालली नाही तर सर्जन मला विचारेल, काय चुकलं असेल? आणि त्या वेळी मला उत्तर माहीत असेल.

सोमवारी पावणेदहाला मी 'ठेवण्यात आले होते' या शब्दांवर रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'ठेवले नव्हते', आणि खाली सही केली.

सरांनी कागद वाचला. ड्रॉवरमध्ये ठेवला. फाईल गेली नाही. पंचफुलाबाईंना मेमो मिळाला, नियमाबाहेर साहित्य वापरल्याचा. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. "बराबर लिवलं हाय," म्हणाल्या आणि खाली एकेक अक्षर कोरून सही केली. नोकरी गेली नाही. त्यासाठी सरांनीच संचालकांकडं शब्द टाकला, हे मला फार नंतर कळलं.

मार्चपर्यंतचे पैसे होते. तेवढ्यात एक शेवटचा प्रयोग बसत होता, आणि तो करायला सर स्वतःच म्हणाले. चाळीस उंदीर, चार गट. लस आणि ऊब. लस, पण ऊब नाही. पाणी आणि ऊब. पाणी, ऊब नाही. मी पंचफुलाबाईंना समजावून सांगितलं.

त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हनजे लस टोचल्यावर हीव भरलं, तरी त्या पिंजऱ्यातल्याइले कापूस द्याचा नाई?"

"नाही."

"अन थे पान्याचे, उड्या मारते त्याइले द्याचा?"

"त्यांच्यातल्या निम्म्यांना. हो."

"ज्याले पायजे त्याले नाई अन ज्याले नको त्याले. हे कोन्तं शास्तर हाय, ताई?"

"असंच करावं लागतं, बाई. नाहीतर काय कशानं झालं ते कळत नाही."

"तुमाले कळन. मले नाई होनार हे माह्याकडून." आवाज अजिबात चढला नव्हता त्यांचा. "मले सशांच्या खोलीत टाका. नाईतं बाटल्या धुवाले ठेवा."

त्या बाटल्या धुवायला गेल्या. चाळीस उंदरांचं सगळं मी केलं. कापूसही मीच पिंजला. लस टोचल्यावर संध्याकाळी जाऊन बघायचं ठरवलं, आणि यावेळी मला दिसलं. लसवाल्यांच्या ऊब नसलेल्या दोन पिंजऱ्यांत दहा जण कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, केस फुलवून बसलेले. कापूस माझ्या खिशात होता. मी तो दिला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी निकाल आला. थंडीतले पाणीवाले, दहाच्या दहा जणांच्या गाठी वाढल्या. थंडीतले लसवाले, नऊ वाढल्या, एक थांबली. उबेतले लसवाले, सात थांबल्या. आणि उबेतले पाणीवाले, ज्यांना लसच दिली नव्हती, त्यांच्या सहा.

म्हणजे आमची लस जवळपास काहीच करत नव्हती. जे काही केलं ते कापसानं. सहा आणि सात यांत एका उंदराचा फरक. तो एक लशीमुळं वाचला की आपसूक, ते मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आज, अकरा वर्षांनीही येत नाही. सरांनी तक्ता बघितला, म्हणाले, "सात की सहा," आणि दिवसभर तेच पुटपुटत राहिले. जूनमध्ये ते रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात लशीचं नावही काढलं नाही. माझी पीएचडी झाली. उंदीरघरातल्या थंडीनं निकाल कसे फिरतात, या विषयावर. लोक कौतुक करतात, म्हणतात, काय नजर आहे तुमची. मी पहिल्या पानावर पंचफुलाबाईंचे आभार मानलेत, सगळ्यांच्या वर.

पण निकाल आला त्या दिवशी मी पळतच धुण्याच्या खोलीत गेले होते. मला वाटलं होतं, बाई खूश होतील. मेमो मिळालेल्या बाईला सांगायचं होतं, की पाच वर्षांची माझी लस हरली आणि तुमचा दोन मूठ कापूस जिंकला.

"बाई, तुम्हीच थांबवल्या त्या गाठी. लशीनं काही केलं नव्हतं. तुमच्या उबेनं झालं सगळं."

त्यांच्या हातात बाटली धुवायचा ब्रश होता.  नळ चालू होता, मी बंद केला.

"लस नसली तरी?" त्यांनी विचारलं.

"नसली तरी. नुसत्या उबेनं."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. चेहऱ्यावर हसू येईल म्हणून मी बघत होते, ते आलं नाही.

"म्हनजे मंग," त्या थांबत थांबत म्हणाल्या, "थे दुसरे दोन पिंजरे. मार्चातले. अन दिवाळीच्या बाजूचे. पान्याचे. त्याइले बी देल्ला असता कापूस, तं त्याइच्या बी गाठी थांबल्या असत्या?"

 "बहुतेक," मी म्हटलं.

"उड्या मारत होते थे. मले वाटलं, याइले काई होत नाई." त्यांनी पदरानं हात पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिल्या. "मरनं तं सगळ्याइलेच होतं, ताई, थे मालूम हाय मले. पन थे एकवीस दिवस तं सुखाचे गेले असते. कापूस काई कमी नव्हता माह्या घरी."